ओढ्याकडून आलेली हाळी

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण जिच्यावर ती गुदरली ती ओदिलिया माझी सख्खी मावशी, आणि तिला थापा मारायची सवय नव्हती.

आणि रात्रीची नाही बरं का. भर दुपार होती. साठ-सत्तर माणसं हजर होती.

साल १९६१. मार्चमधला दुसरा शनिवार. गाव केब्रादा ओंदा, पनामातल्या लॉस सांतोसमधलं.

तेव्हा आमच्याकडे जोडपं वेगळं राहायला निघालं की अख्खं गाव जमून एका दिवसात त्याला घर उभं करून द्यायचं. खांब आणि काठ्या विणलेले कूड आधीच बांधलेले असायचे. त्या दिवशी फक्त माती. बाया-बापे खांद्याला खांदा लावून चिखल तुडवायचे, त्यात वाळलं गवत मिसळायचे आणि कूड लिंपायला घ्यायचे. एक माणूस बाहेरून, एक आतून. दोघांनी एकाच जागी दाबायचं, म्हणजे चिखल घट्ट बसतो. समोरचा दिसत नाही, पण त्याच्या तळव्याचा जोर कळतो.

आणि काम करताना हाळ्या चालू. एकाने लांब सूर लावायचा, बाकीच्यांनी परतवायचा. शेतात, डोंगरात, कुठेही तेच. हाळीला उत्तर आलं, म्हणजे माणूस सुखरूप आहे. आम्ही लहानपणापासून हेच शिकलो.

तीच चूक झाली.

ओदिलियाने लग्नानंतरची तीन वर्षं सासूच्या चुलीपाशी काढली होती. स्वतःचं घर म्हणजे तिचा जीव की प्राण. शुक्रवारी संध्याकाळी ती नवऱ्याला, एवारिस्तोला म्हणाली, "घरामागच्या खड्ड्यातली माती मला नको. नुसती खडी आहे. ओढ्याकाठची लाल माती आण."

"तिथली दरड आतून पोकळ आहे. टिकाव मारला तर डोक्यावर येईल."

"भितोस होय? मग बस आईच्या पदराखाली जन्मभर!"

एवारिस्तो उठला. टोपी चढवली. "जातो मी. जिथे कोणी टोचत नाही तिथे जातो."

रात्रभर तो आला नाही.

सकाळी लोक जमले. कोंबडीचा रस्सा उकळत होता, मक्याची आंबवलेली दारू, चिचा, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून फिरत होती, आणि ज्याचं घर त्याचाच पत्ता नव्हता.

"घरधनी कुठाय गं?" सगळ्यांचं एकच.

"पडला असेल पलीकडच्या गावात, गुत्त्यात," ओदिलिया म्हणाली. तोंडावर हसू आणलं होतं, पण मनातून ती शरमेने मेली होती. चिखल त्याच खडीच्या मातीचा केला. वेळच नव्हता.

निकानोर काका कामाचा म्होरक्या. त्यांनी पहिली हाळी दिली. साठ गळ्यांनी ती परतवली.

सगळे थांबले.

मग... ओढ्याकडून एक उत्तर आलं.

दबकं. तोंडावर घोंगडी घेऊन कोणी ओरडावं, तसं.

"आला रे आला!" निकानोर काका हसले. "आवाज तर बघा, अजून उतरलेली नाही त्याची."

लोक खो खो हसले. ओदिलियाला हायसं वाटलं. आणि लगेच रागही आला.

तासाभराने दुसरी हाळी. पुन्हा ओढ्याकडून उत्तर.

पहिल्यापेक्षा बारीक...

"लाजतोय," सासू सेनोबिया म्हणाली. "येईल मागच्या बाजूने. कोणी बोलू नका त्याला."

कोणी बघायलाही गेलं नाही. कशाला जातील? उत्तर तर येत होतं.

दुपारी ओदिलिया ओढ्याच्या बाजूची भिंत बाहेरून लिंपत होती. चिखलाचा गोळा लावला, दोन्ही तळव्यांनी दाबला.

आतून... कोणीतरी दाबलं.

आधी तिला काही वाटलं नाही. आत कोणीतरी असणारच. पण तो हात तिला ओळखीचा वाटला. पुन्हा दाबून बघितलं.

अंगठा. दोन बोटं. पुढे काहीच नाही.

एवारिस्तोची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उसाच्या चरकात गेलं होतं. गावात तसा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

"आता उगवलास होय?" ती दातओठ खात म्हणाली. "साऱ्या गावासमोर नाक कापलंस माझं!"

आतून जोरात दाबलं.

तिने त्याहून जोरात दाबलं.

"हे घे! आणि हे घे!" ती गोळ्यावर गोळा थापत राहिली. आतला हात रेटत होता. आता दमाने नाही. धडपडत... भिंत पाडायची असल्यासारखा. तिला वाटलं, चिडलाय, खेळतोय. तिने खांदा लावून रेटलं.

हळूहळू आतला जोर कमी झाला.

मग थांबला.

"दमलास?" तिने विचारलं.

तिने कुडाला कान लावला.

ती वळसा घालून दारातून आत गेली.

आत कोणी नव्हतं.

त्या भिंतीला आतून अजून चिखलच लागलेला नव्हता. नुसता कूड. त्याच्या फटींतून तिचाच चिखल आत डोकावत होता. आणि त्या चिखलात... तीन बोटांचे खड्डे. खोल.

ती धावत निकानोर काकांकडे गेली.

"काका, काहीतरी वाईट झालंय. चला, शोधू त्याला."

"अगं पोरी, सकाळी दोनदा तर उत्तर दिलं त्याने."

"पुन्हा द्या हाळी. माझ्यासाठी."

काकांनी हाळी दिली. सगळे गप्प उभे राहिले. लोकांनी पाय चिखलात तसेच रोवून ठेवले होते.

ओढ्याकडून काही आलं नाही.

"मी जाते," ओदिलिया म्हणाली.

सासूने तिचं मनगट धरलं. "दिवस मावळायच्या आत भिंती पूर्ण झाल्या नाहीत तर घराला अपशकुन होतो. रुसलेल्या पुरुषामागे बाई धावली की गाव जन्मभर हसतं. हे घर तुलाच हवं होतं ना? मग लिंप!"

घर तिलाच हवं होतं.

ती परत भिंतीपाशी गेली. तिने भिंत पूर्ण केली. मावशी मला हे सांगायची तेव्हा इथे थांबायची. पाणी प्यायची. मग पुढे सांगायची.

सूर्य कलला तेव्हा घर उभं राहिलं होतं. रिवाजाप्रमाणे सगळे अंगावरचा चिखल धुवायला ओढ्यावर गेले.

काठावर दोन पोती होती. तोंड बांधलेली, नीट उभी केलेली.

लाल मातीची.

आणि दरड जागेवर नव्हती.

लोकांनी हातांनी उकरलं. निकानोर काका लहान मुलासारखे रडत उकरत होते. एवारिस्तो पोकळीत गुडघ्यांवर सापडला. उजवा हात पुढे. समोरची माती त्याने वीतभर कोरली होती. तीन बोटांनी. नखं उरली नव्हती.

अंग अजून कोमट होतं.

ओदिलिया एवढंच म्हणाली, "तो दाबत होता. आणि मी पण दाबत होते."

त्या घरात ती एकटी चौतीस वर्षं राहिली. दुसरं लग्न केलं नाही, सासूशी पुन्हा बोलली नाही. दरवर्षी भिंतीला चुना द्यायची. दर मार्चमध्ये ओढ्याच्या बाजूला, आतून, तीन खळगे पडलेले असायचे. ते तिने कधी बुजवले नाहीत. मी लहान असताना एकदा त्यांत बोटं घालायला गेलो, तर तिने माझ्या हातावर फटका मारला.

"दाबू नकोस," म्हणाली. "अजिबात दाबू नकोस."

आता मावशी नाही. घर पडलं. गावात सगळी सिमेंटची घरं आहेत, लिंपायला कोणी जमत नाही. हाळ्या मात्र अजून चालतात, जत्रेत, शेतात.

आणि मार्च लागला की एखाद्या दुपारी, हाळी परतवून सगळे गप्प होतात तेव्हा... ओढ्याकडून एक जादा उत्तर येतं.

दबकं.

तिथे आता दरडही नाही, सपाट वाळू आहे. कोणी सापडणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. का येतं, कोण देतं, मला विचारू नका.

पण आमच्या गावात त्यावर कोणी हसत नाही. हातातलं काम टाकतो, फावडी उचलतो आणि पळत सुटतो.

दरवेळी.