नाव न घेतलेलं गाऱ्हाणं

सायकल कुरकुरायला लागली की सायकलवाल्याची झोप उडते. बायकोची कुरकुर तो खुशाल कानाआड करील, पण पेडलागणिक उठणारा तो बारीक आवाज त्याला स्वस्थ बसू देत नाही. जयवंत गावस तर भूमापन कचेरीतला कारकून. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्याची नोकरी आणि खोडही तीच.

पाऊस सरून दिवाळी झाली तसा त्यानं सायकलीचा सगळा साज नवा केला होता. सीट चार मिलिमीटर वर, हँडल बोटभर खाली, टायर नवे. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी गोव्यातल्या साखळी गावाहून वाळपई आणि परत अशी शर्यत होती. शेवट कारापूरच्या चढणीवर. जयवंतचं वय अडतीस. धाकटा भाऊ निखिल पंचवीसचा. त्याला सायकलीवर बसायला शिकवलं ते जयवंतनंच, आणि गेल्या वर्षी त्याच पोरानं भरल्या रस्त्यात थोरल्याला मागं टाकलं होतं. तोंडानं जयवंतनं त्याची पाठ थोपटली. पोटात मात्र जळत होतं, आणि ते वर्षभर विझलं नाही.

कुरकुरीसाठी त्यानं सीटचा दांडा काढून ग्रीस लावलं, पेडलं खोलली, बेअरिंग बदललं. साखळी गावात महेशचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, आणि सकाळच्या सरावाला तो या दोघांबरोबर असायचा. त्यानं सायकल स्टँडवर चढवून चाक गरागरा फिरवलं.

"जयवंतदादा, सायकल मुकी असा. कुरकुर तुझ्या कानात."

महेशला किंवा निखिलला आवाज ऐकूच येत नव्हता. उतारावर जयवंतनं पेडल मारणं थांबवलं, तरी आवाज थांबला नाही. तो सायकलीतून येत नव्हता, मागच्या चाकाच्या चार हात मागून येत होता. नव्या चामड्याच्या वहाणा घालून कोणी भरभर चालावं तसा.

तेव्हा जयवंतला पंधरा दिवसांपूर्वीची सकाळ आठवली.

कारापूरच्या चढणीवर, शिवेला, राखणदाराचा काळा दगड आहे. राखणदार गावाची शीव फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. त्या सकाळी सरावात निखिल पुन्हा पुढं निघून गेला होता. जयवंत धापा टाकत दगडापाशी थांबला, पाणी प्यायला, आणि त्याला वात्रटपणा सुचला. जत्रेत गावचे म्हातारे दत्ताराम आबा देवाला गाऱ्हाणं घालतात, तो सूर त्यानं हुबेहूब काढला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा, आज ह्या लेकरू तुझ्या शिवेर उभा असा. पायाच्या बळार जो कोण ह्या लेकराच्या फुडे जायत, तेचे पाय तुका दिले. तसा करून घे म्हाराजा."

निखिलचं नाव जिभेवर आलं होतं. सख्ख्या भावाचं नाव असल्या बोलण्यात घ्यायची लाज वाटली, म्हणून 'जो कोण' म्हटलं.

गाऱ्हाण्याला भोवतीची माणसं जाब देतात. तिथं माणूस नव्हतं. काजूच्या झाडांत वारासुद्धा नव्हता.

"व्हय म्हाराजा," मागून कोणीतरी म्हणालं.

काजूच्या बागेतला कोणी गडी असेल, असं म्हणून जयवंत हसला आणि सायकलीवर बसला. कुरकुर सुरू झाली ती तिथून, आणि रोज थोडी जवळ येत गेली.

आधी एक कुत्रं गेलं. भुंकत सायकलीच्या पुढं धावलं, आणि पुढच्याच क्षणी रस्त्यावर लोळायला लागलं. चारही पाय उलटे वळले होते. गाडी आली नव्हती, दगड पडला नव्हता. ते दातांनी स्वतःचेच पाय ओरबाडत होतं.

मग महेश. शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी निखिल सरावाला नव्हता, दोघंच होते. वारा अंगावर घ्यायची पाळी बदलायला महेश सहज पुढं आला. जयवंत "नको" म्हणेपर्यंत कुरकुर त्याच्या बाजूनं पुढं गेली. वाळलेली फांदी मोडावी तसे दोन आवाज झाले. महेश सपाट, कोरड्या रस्त्यावर पडला होता, आणि दोन्ही नळ्यांची हाडं कातडी फाडून बाहेर आली होती. तो ओरडत नव्हता, नुसता पायांकडे बघत होता. लाल धुळीत रक्त काळं दिसत होतं.

संध्याकाळी जयवंत दत्ताराम आबांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन बसला आणि सगळं ओकला. म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं.

"नाव घेतलंस कोणाचा?"

"नाय, आबा."

"गाव?"

"नाय."

"नाव नाय, गाव नाय. मगे तेका कळतला कसा, कोणाक धरूचा ता? गावतलो तेका धरतलो."

"तुमी फिरवा ता गाराणा."

"फिरवतंय. पण 'व्हय' म्हणणारो तोच हजर होयो. कोण म्हणालो?"

जयवंतनं नकारार्थी मान हलवली. मग त्यानं विचारलं, "मी शर्यतीक गेलंयच नाय तर?"

"घरात बसलेल्याच्या फुडे सगळोच गाव," आबा म्हणाले, आणि आत निघून गेले.

शनिवारी त्यानं निखिलला शर्यत सोडायला सांगितलं. निखिल हसला. "घाबरलंस काय रे दादा?" मग एकच वाट उरली. कोणालाच पुढं जाऊ द्यायचं नाही.

रविवारी शिट्टी वाजल्याबरोबर जयवंत पुढं झाला. मागच्या बावीस जणांना आयताच आडोसा मिळाला. फुकटचं इंजिन कोण सोडतो? वाळपईपर्यंत आणि तिथून परत, दोन तास तो एकटा वारा फोडत राहिला. कुरकुर सगळ्यांच्या मागून येत होती. मांड्यांत गोळे आले, तोंडात रक्ताची चव आली. परमेश्वरा, माझ्या भावाचे पाय राहू देत, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि असं खरं मागणं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

कारापूरच्या चढणीवर घोळका फुटला. मागं फक्त निखिल राहिला.

"दादा, सोड आता. दमलंस तू."

"मागे रव!"

निखिलचं चाक त्याच्या पेडलाशी आलं.

मग गुडघ्याशी.

कुरकुर जवळ आली. आता ती चालत नव्हती, धावत होती.

चाक हँडलाशी आलं तेव्हा जयवंतनं सगळी ताकद लावून सायकल भावाच्या अंगावर घातली.

निखिल रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर तोंडावर आपटला. गालाची कातडी दगडाला चिकटून राहिली, दात सांडले, खांद्याचं हाड मोडून वर आलं. जयवंत सरपटत त्याच्यापाशी गेला. त्यानं दोन्ही हातांनी भावाचे पाय मांडीपासून घोट्यापर्यंत चाचपले. शाबूत होते. तो मोठमोठ्यानं हसायला लागला.

मागून आलेली मुलं थांबली. रक्तात पडलेल्याला ओलांडून कोणी पुढं गेलं नाही. पण ते हसू सगळ्यांनी पाहिलं.

इस्पितळात निखिल फाटक्या ओठांतून एवढंच म्हणाला, "तुका जिंकूचा होता तर सांगाचा. मी मागे रवलंय असतंय."

जयवंतनं त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. खरं सांगितलं असतं तरी मत्सराचं खरं आणि मायेचं खरं एकाच जागी येऊन पडलं होतं.

सोमवारी सकाळी तो सहा वर्षांच्या गौरवीला, आपल्या लेकीला, शाळेत सोडायला निघाला. सायकल त्यानं आदल्या दिवशीच मोडीत दिली होती. वाटेत शिवेला थांबून, गौरवी पाठमोरी पानं वेचत होती तोवर, त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, दगडापुढं ठेवल्या, आणि बोललेला शब्द परत मागितला. जाब आला नाही. पण कुरकुरही नव्हती. सायकल गेली, ब्याद गेली, असं त्यानं धरलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. त्यानं मागं वळून दगडाकडे पाहिलं. तिथं वहाणाही नव्हत्या.

तेवढ्यात गौरवीनं हात सोडवला आणि दप्तर उडवत धावली. दहा पावलं पुढं गेली असेल.

"बाबा," मागं न बघताच ती म्हणाली, "तुझी व्हाणा किती वाजतत!"

जयवंतच्या तळव्यांखाली दंवानं भिजलेली माती गार लागत होती.