चिंधी खोटं बोलत नाही

पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या क्लोरीनच्या खोलीवर तो गेली बारा वर्षं होता. गळतीचा वास यंत्राआधी त्याच्या नाकाला लागायचा, म्हणून सगळे त्याला नाकोबा म्हणत. तरी नाकावर विसंबायचं नाही, हा तिथला रिवाज. काठीला चिंधी गुंडाळायची, अमोनियात बुचकळायची आणि एकेका सांध्याजवळून फिरवायची. क्लोरीन गळत असेल तर पांढरा धूर उठतो. चिंधी खोटं बोलत नाही, असं तो नव्या माणसांना बजावायचा.

भर दुपारी जमीन हलली तेव्हा तो जेवत होता. डबा थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. त्याने चिंधी भिजवून सहाही सिलिंडर तपासले. धूर नाही. भोंग्याच्या बटणाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. गेल्या वर्षी उगाच भोंगा वाजवला आणि पळापळीत शिपायाच्या आईचा पाय मोडला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, आता ताकही फुंकून पिणार.

केंद्राखाली उतारावर वसाहत होती. बायको आणि सात वर्षांची लेक तिथेच, म्हणून तो काठी हातात तशीच घेऊन निघाला. ऊन कसं मऊ मऊ पडलं होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. पहिल्या घराशी चिंधीतून धुराचा बारीक धागा उठला. उतार संपत गेला तसा धागा जाड होत गेला. नाकाला मात्र काही नाही, दोरीवरच्या कपड्यांच्या साबणाचा वास तेवढा.

बायको दारात घड्या घालत बसली होती.

"अहो, काठी कशाला? साप निघालाय का?"

"पिल्लूला उठव. पलीकडच्या टेकडीवर जायचंय."

"आत्ता कुठे निजलीय. वास येतोय का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

उंबऱ्यावर चिंधी भसाभसा धुमसू लागली. झोपलेली लेक खांद्यावर टाकून तो दारोदार काठी आपटत सुटला. लोक हसले, कुरकुरले, पण निघाले.

सगळे टेकडीवर पोचतात तोच दुसरा धक्का बसला. केंद्रातून हिरवट पिवळं धुकं निघालं. ते उतारावरून सावकाश, पेंगत पेंगत उतरलं आणि घराघरांत शिरलं.

माणसं मोजली. एकही कमी नव्हतं.

"नाकोबा, वाचवलंस रे बाबा," शिपायाची आई म्हणाली. तो सगळ्यांदेखत रडला.

टेकडीवर हवा स्वच्छ होती. चिंधी गप्प होती.

लेक खांद्यावर जागी झाली.

"बाबा, ते काय बांधलंय?"

"चिंधी. बघ, आता धूर नाही." हसत हसत त्याने काठी तिच्यासमोर हातभर लांब धरली.

तिने मोठी जांभई दिली.

तिचा श्वास लागताच चिंधीतून पांढरा धूर उठला.

तिला गंमत वाटली. तिने चिंधीवर फुंकर मारली, धूर आणखी दाटला.