चुकलं की गवत

चित्रकार बाईला पाय काढता येत नसत. जिराफाची मान, रानम्हशीची शिंगं झकास. पाय मात्र टेबलाचे वाटत. म्हणून आफ्रिकेच्या सव्हाना माळरानातल्या माणसांवरची, प्राण्यांवरची मुलांची पुस्तकं ती आनंदानं घेई. तिथं उंच गवत असतं. पाय चुकला की वर गवत रंगवायचं, काम फत्ते. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती स्वतःच हसून म्हणे.

नव्या पुस्तकात गुरं राखणारी एक मुलगी होती. बाईनं तिला चेहरा दिला होता आपल्या सहा वर्षांच्या लेकीचा, चिमणीचा. पाय बिघडलेच. तिनं पोटऱ्यांवर जाड पिवळा रंग चढवला.

संध्याकाळी चिमणीच्या पोटऱ्यांवर बारीक लाल ओरखडे दिसले. कुठं खेळलीस म्हणून विचारलं, तर कुठंच नाही म्हणाली. आईनं मलम लावलं आणि विषय सोडून दिला.

दोन दिवसांनी संपादकबाईंचा फोन आला. मुलीच्या हातातली काठी भाल्यासारखी दिसते, ती झाकायला हवी. गवत छातीपर्यंत आलं.

त्या दिवशी जेवताना चिमणी सारखी चवड्यांवर उभी राहत होती. काय बघतेस, असं विचारल्यावर म्हणाली, "तू दिसतेस का ते."

आईची नजर चित्रातल्या छातीभर गवताकडे गेली. तरी तिनं स्वतःलाच वेड्यात काढलं.

शुक्रवारी शेवटची दुरुस्ती आली. सिंहीण मुलीच्या फार जवळ आहे. मुलगीच काढून टाका, दुपारी पुस्तक छपाईला जायचंय. नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. पण कारण काय सांगणार? तिनं केसांवरून गवताचं शेवटचं पातं ओढलं आणि चित्र स्कॅन करून पाठवून दिलं.

चिमणी वेळेवर शाळेतून आली. आईचा जीव भांड्यात पडला. लेक खिडकीकडे तोंड करून बसली.

आईनं हाक मारली. चिमणी खिडकीबाहेरच बघत राहिली.

पुन्हा मारली.

मग ती धावत टेबलाशी गेली आणि ब्लेडनं चित्रावरचं गवत खरवडू लागली. एक थर. दुसरा थर.

खाली कोरा कागद होता.

तिनं चिमणीला उचलून मांडीवर घेतलं, घट्ट धरलं. केस उन्हानं तापलेले होते. "चिमणे," ती कानाशी म्हणाली.

चिमणीनं दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "आई, जवळ ये ना. तू फार लांबून बोलतेस."