पिंकीचा कॅच कॅन

कुडव्याच्या रस्त्यावर भैयालालचं गॅरेज होतं. पुढे टिनाचं शेड, मागे दोन खोल्यांचं घर. अठ्ठावीस वर्षं गाड्या खोलून झाल्यावर त्याचं इंजिनाबद्दल एकच म्हणणं उरलं होतं : कारणाशिवाय काही वाजत नाही आणि कारणाशिवाय काही गळत नाही. घरात बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. भूतखेत आणि उतारे यांना त्या दारातून आत यायची मुभा नव्हती. एखाद्यानं नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधलेली दिसली, की भैयालाल म्हणायचा, "त्याच्यापेक्षा ब्रेक तपासून घ्या."

त्याची एकुलती एक लेक पिंकी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकत होती. सिकलसेल हा रक्ताचा आजार तिला जन्मापासूनचा. थंडी पडली की हाडं ठणकायची, चार दिवस ती अंथरुणात मुडपून पडायची आणि पाचव्या दिवशी शेडमध्ये हजर. भंगारातून आणलेल्या एका जुन्या एस्टीम गाडीला तिनं जास्त ताकदीसाठी स्वतः टर्बो बसवला होता. नागपूरला घड्याळ लावून गाड्या पळवायची स्पर्धा असते, तिथं तिला ती न्यायची होती.

टर्बो बसल्यावर इंजिन तेल ओकायला लागलं. तेव्हा पिंकीनं शेजारच्या रत्नपाल वेल्डरकडून एक डबा करून घेतला. स्टीलचा, लोट्याएवढा. वर दोन नळ्या, खाली तोटी, बाजूला एक काच. आत भरायला आईची भांड्यांची तारेची घासणी पळवली.

"हा कॅच कॅन, बाबा," ती म्हणाली होती. "पिस्टनच्या बाजूनं धूर खाली उतरते, त्याच्यासंग तेलाची वाफ. तेच इंजिन पुन्हा श्वासात ओढते अन् आतून काळं पडते. मधात हा डबा ठेवला, की घाण डब्यात अन् इंजिनाले साफ हवा. फक्त दर आयतवारी तोटी खोलून रिकामा कराचा. इसरले तर सगळं फुकट."

"मी नाई इसरत," भैयालाल म्हणाला होता.

दोन हजार बाराच्या नोव्हेंबरात, धान कापणीच्या दिवसांत, पिंकीच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातली नर्स हातातल्या घड्याळाकडे बघत तिचे श्वास मोजायची. चाळीस. चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशी दुपारी पिंकीनं नाकावरचा मास्क जरासा बाजूला केला.

"बाबा, गाडी चालू करून तिचा आवाज मोबाईलमधी घेऊन या ना. मले आयकाचा आहे."

त्याची बायको भागीरथा लेकीच्या उशाशी होती. भैयालाल घरी आला. त्यानं गाडी सुरू केली, चांगली पाच मिनिटं चालू ठेवली, आवाज भरून घेतला. परत पोचला तेव्हा नर्स मशीन बंद करत होती. नातेवाईक पिंकीला न्यायला आले, तेव्हाही मोबाईल त्याच्या मुठीतच होता.

त्यानंतर गाडी कोणी सुरू केली नाही. भैयालालनं बॅटरी काढली, वर ताडपत्री टाकली. दोन महिने तो त्या कोपऱ्याकडे पाठ करूनच काम करत राहिला. जानेवारीतल्या एका रविवारी मात्र त्याला डबा आठवला आणि आपण विसरलो, म्हणून जीव चरकला. त्यानं बॉनेट उघडलं, तोटीखाली पेला धरला.

पेलाभर पाणी निघालं.

स्वच्छ, रंग नसलेलं. त्याला तेलाचा वास नव्हता, पेट्रोलचाही नव्हता. थंडीत डब्यात दव धरतं, हे त्याला ठाऊक होतं. पण बंद गाडीत चमचाभर, फार तर दोन चमचे. त्यानं डबा उघडून पुसला, वाळवला, घट्ट बंद केला.

पुढच्या रविवारी पुन्हा पेलाभर.

मग त्यानं डब्याचे दोन्ही पाइप इंजिनापासून सोडवले आणि त्यांच्या तोंडात बोल्ट घालून क्लिपा आवळल्या. आता आत काही शिरायला वाट नव्हती. तिसऱ्या रविवारी काचेत पाणी दिसलं, तेव्हा त्यानं डब्याला हात लावला. शेडमधले पाने आणि जॅक हातात धरवत नव्हते इतके गार होते. डबा कोमट होता.

त्याची बोटं घसरून पाइपवर गेली. जाड रबर, चिमटीत दबणार नाही असं. ते बोटांखाली हळूच फुगलं. थांबलं. हळूच बसलं.

भैयालालनं हात काढला नाही. भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजलं. मिनिटाला अठरा.

त्यानं रत्नपालला बोलावलं, पाइप हलतो म्हणून सांगितलं. "रबर तापत असंन उन्हानं," रत्नपाल वाकता वाकता म्हणाला. मग त्याचा हात पाइपवर टेकला.

"भैयालालभाऊ, इंजिन बंद आहे ना?"

"बॅटरीच नाई गाडीत."

रत्नपालनं हात पँटला पुसला. "कापून टाकू का डबा? मीच जोडला, मीच कापतो."

"नोको."

"कायले ठेवता असं घरात?"

भैयालालनं बॉनेट खाली ओढलं. रत्नपाल गेला, आणि त्यानंतर शेडमध्ये यायचं टाळू लागला.

भैयालाल आता रोज मोजू लागला. काम सोडून बॉनेटपाशी जायचा, दोन बोटं टेकवायचा. आठवडाभर अठराच. मग बावीस. मग अठ्ठावीस. फेब्रुवारी सरता सरता छत्तीस. पाणीही वाढलं, रोज काढावं लागू लागलं. भागीरथानं एकदा दारातून विचारलं, "अजी, दिवसभर काऊन त्या गाडीत तोंड घालून राहिले?" तो मोजत राहिला. चाळीस झाले त्या दिवशी त्याला कळलं, की हे आकडे आपण दवाखान्यात ऐकलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी त्यानं गॅरेज बंद ठेवलं. स्टूल ओढून गाडीपाशी बसला, पाइप मुठीत धरला. चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. दुपारी मध्येच खंड पडू लागले. पाइप फुगायचा, आणि बसायला फार वेळ लावायचा.

"मी आहो," भैयालाल म्हणाला. "आज कुठंच नाई जात. इथंच आहो, बेटा."

पाइप आणखी दोनदा हलला. मग नुसतं रबर राहिलं.

भागीरथा धावत आली, तेव्हा तो गाडीवर डोकं टेकून रडत होता. नोव्हेंबरात तो रडला नव्हता. त्यानं सगळं सांगितलं, तोडकंमोडकं, जसं सुचेल तसं. भागीरथानं त्याला वेड्यात काढलं नाही. तिनं पदरानं हात पुसले आणि डब्यावर ठेवले.

"गेली का?"

"हो."

"तुमी होते ना जवळ?"

"होतो."

"बास मग," ती म्हणाली, आणि तीही तिथंच जमिनीवर बसली.

त्यानंतर डबा कोरडा राहिला. भैयालाल दर रविवारी तोटी उघडून बघायचा, थेंबही पडायचा नाही. तो पुन्हा गिऱ्हाइकांशी बोलू लागला. दोघं आमगावला एका लग्नालाही जाऊन आली. "काढून टाका आता तो डबा," भागीरथा म्हणाली. तो हो म्हणाला, पण काढवेना.

मार्च संपत आला. हवेत मोहफुलांचा वास होता. एका दुपारी भागीरथा शेडच्या सावलीत खाट टाकून आडवी झाली आणि तिला झोप लागली. भैयालालनं सहज बॉनेट उघडलं, पाइपवर हात ठेवला.

पाइप हलला.

संथ. शांत. मिनिटाला चौदा. भैयालालच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पिंकीला त्रास नाही, असं त्याच्या मनात आलं. हे सांगायला तो खाटेकडे वळला.

भागीरथा उताणी झोपली होती. तिची छाती वर आली, खाली गेली.

त्याच चालीनं.

तो बघत राहिला. पाइप फुगला, मग तिची छाती वर आली. पाइप बसला, मग तिची छाती खाली गेली. दर खेपेला पाइप आधी.

तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं.

मुठीतला पाइप बसला. भैयालाल वाट बघत राहिला. पाइप पुन्हा फुगला नाही.

खाटेवर भागीरथानं हळूच श्वास सोडला.