काचेची नळी

मधल्या सुट्टीत पाण्याची बाटली आणायला प्रयोगशाळेत परत गेले, तर... जिराफाचा हात माझ्या बरणीत.

जिराफ म्हणजे आमच्या वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. विज्ञान प्रदर्शनाला वर्गातून एकच बरणी जाणार होती — त्याची किंवा माझी. पुढच्या शुक्रवारी बाई निवडणार होत्या. आणि गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मी, अख्ख्या वर्गासमोर छातीठोकपणे सांगून बसले होते, "माझीच जाणार."

"हात काढ," मी म्हटलं. आवाज थरथरला... रागानेच, दुसरं काय.

"ऐकून तर घे, गटारवाली."

गटारवाली, कारण बाबांच्या प्लास्टिक कारखान्यामागच्या नाल्यातला चिखल मीच बरणीसाठी उपसून आणला होता. त्यात जिवाणूंची अख्खी वस्ती राहते. प्लास्टिक मऊ करायला जे तेल घालतात, ते पाण्यात उतरलं की घातकच. वस्तीतले काही जिवाणू त्याचे तुकडे करतात, बाकीचे ते तुकडे फस्त करतात. पण माझ्या बरणीवरचा तवंग विरायचा आणि परत यायचा. जीव नुसता टांगणीला.

त्याने जिवाणूंना हवा पुरवणारी प्लास्टिकची नळी बाहेर काढली आणि हलकेच माझ्या बोटाभोवती गुंडाळली. अंगठीसारखी...

"किती मऊ आहे बघ."

"मग?"

"कशाने झाली असेल मऊ?"

नळीतही तेच तेल — जिवाणू बिचारे जेवून ताट रिकामं करतायत आणि मी वाढतेच आहे.

"ही घे." त्याने काचेची नळी पुढे केली. "जादाची आहे."

शुक्रवारी माझ्या बरणीवर तवंगाचा ठिपकाही नव्हता. "हिची जाईल," बाई म्हणाल्या. मी हसत वळले... त्याची बरणी काळवंडलेली, वास मारणारी. आत हवेची नळीच नव्हती.

घंटा झाली, वर्ग पांगला. मी तिथेच.

"जादाची होती म्हणालास."

"हं."

"खोटारडा. तुझे जिवाणू सगळे गुदमरले. का केलंस असं?"

तो बरणी पुसत राहिला. "मी हरलो तर विनोद करतो. तू हरलीस तर परत पुटपुटायला लागशील — आणि मी बसतो शेवटच्या बाकावर. मला ऐकू कसं येणार?"

कान तापले. मी त्याची बरणी ओतून दिली, धुतली, ताजं पाणी भरलं आणि माझ्या बरणीतला पेलाभर गाळ तिच्यात घातला.

"वस्ती आहे, पुन्हा वाढेल. पण काचेची नळी एकच. रोज मधल्या सुट्टीत आळीपाळीने हवा द्यावी लागेल. दोघांनी."

"दोघांनी?" त्याचा आवाज चक्क चिरकला.

"आणि आता नीट ऐक," शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात मी म्हटलं, "मला तू आवडतोस."

दारात बाई खोकल्या. जिराफाची मान पहिल्यांदाच खाली गेली... माझी नाही.