भिमा मामांचा सातचा मिस्ड कॉल

विक्रम, तो मोबाईल पालथा ठेव बघू जरा. सारिका, हसू नकोस. गोष्ट मोबाईलचीच आहे, आणि जिच्यावर गुदरली तिनंच मला सांगितली. पोपटआप्पा तिखटमीठ लावून सांगतो असं तुम्ही म्हणता ना? आज मीठसुद्धा लावणार नाही.

ज्ञानेश्वरी तिचं नाव. शिरूरकडची, सरकारी दवाखान्यात कंत्राटावर समुपदेशक. दर मंगळवारी आपल्या तळेगाव ढमढेऱ्यात येऊन बसायची. कुणाला झोप लागत नाही, कुणाचा जीव उगाच घाबरतो, अशांशी बोलायची. आपली माणसं बिलंदर, तिला ‘डोक्याची बाई’ म्हणून हसायची आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून तिच्याकडेच जायची. मग करोना आला. ओपीडी बंद झाली, मंगल कार्यालयात खाटा पडल्या, आणि तिला वरून सांगितलं, आता सगळं फोनवर करायचं.

तिनं ते मनापासून केलं, खोटं कशाला बोलू. घरात कोंडलेले, धास्तावलेले, घरचं माणूस गेलेले, सगळ्यांना रोज संध्याकाळी फोन करायची. त्यातलेच एक भिमा मामा. न्हावऱ्याच्या रस्त्याला विहिरीजवळ त्यांची एक खोली आणि शेवंतीचं रान. देवळं बंद, लग्नं बंद, फुलाला कुत्रं विचारेना. त्यात बायको सोजराबाई पुण्याच्या दवाखान्यात गेली ती तिकडेच संपली. तोंडही बघायला मिळालं नाही. मुलगा रांजणगावच्या कंपनीत, तिथं कामगारांना आतच ठेवलेलं. खोलीत मामा एकटे. फोन आला की शेवंतीपासून सुरू करायचे आणि बोलता बोलता सोजराबाईवर येऊन थांबायचे. तासभर तरी सोडायचे नाहीत.

दुसऱ्या लाटेत फोन इतके वाढले की बोलून बोलून ज्ञानेश्वरीचा घसा बसला. तेव्हा तिनं एक युक्ती काढली. ठीक असाल तर संध्याकाळी सातला मला मिस्ड कॉल द्या. नाही आला तर मी फोन करते. साहेब खूश झाले, दौंडकडच्या लोकांनीही ती युक्ती उचलली. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं.

“मंग बोलायचं न्हाई का, ताई?”

“बोलू की मामा. बरं वाटलं नाही तर बोलायचंच.”

आता तुम्हीच सांगा. जो माणूस जन्मात कधी शेजारी कालवणाला मीठ मागायला गेला नाही, तो ‘मला बरं नाही’ असं कळवेल का? रोज सातला त्यांचा मिस्ड कॉल यायचा. एक दिवस चुकला नाही. आणि तो आला की ज्ञानेश्वरीला हायसं वाटायचं, चला, एक फोन वाचला. हेच तिला आजही खातंय. “आप्पा, मला बरं वाटायचं हो,” असं ती सांगते आणि मान खाली घालते.

एकवीस सालची चैत्री अमावास्या. मे महिन्यातला मंगळवार. मंगल कार्यालयातली ड्यूटी संपवून ती मामांच्या गोळ्या पोचवायला स्कूटीवरून निघाली. हेल्मेट घालताना सात वाजले आणि मिस्ड कॉल आला. बरं झालं, ती मनात म्हणाली, गोळ्या दारात ठेवून लगेच मागं फिरता येईल.

लॉकडाऊनचे दिवस, रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. वस्तीपाशी पोचली तोवर अंधार पडला. कुणाच्याच घरात लाईट नाही. शेवंती पाण्यावाचून करपलेली. मामांच्या दाराला आतून कडी.

“मामा, गोळ्या आणल्यात.”



तिनं दार वाजवलं. पुन्हा हाक मारली. मग फोन लावला.

आत रिंग वाजली नाही. पण फोन उचलला गेला…

“मामा, मी दारात उभी आहे.”

“मी ठीक हाय, ताई. तुमी तुमचं काम बघा.”

आवाज मामांचाच. फक्त फोनमधून येणारा. मधे एक पत्र्याचं दार, आणि दाराआडून काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

मग तिला वास आला.

तिच्या हाका ऐकून शेजारचा दत्ता पहार आणि बॅटरी घेऊन धावत आला. त्याच्या घरी सगळे तापानं पडलेले, म्हणून तो दहा दिवस बांध ओलांडून आला नव्हता. त्यानं पहारीनं कडी उचकटली.

मामा खाटेवर होते. जाऊन चांगले दोन-तीन दिवस झालेले. उशाशी मोबाईल. दत्तानं बटण दाबून पाहिलं. बंद.

“शनवारच्या वादळात डीपी जळाली, ताई. तवापास्नं लाईट न्हाई. मी रइवारी फोन लावला, तवाबी बंदच व्हता.”

रविवारी मिस्ड कॉल आला होता. सोमवारीही. आणि आत्ता…

ज्ञानेश्वरीनं हातातल्या फोनकडे पाहिलं. कॉल चालूच होता.

तिनं तो उजव्या कानाला लावला.

“ताई… येक इचारायचं ऱ्हाऊन गेलं. सोजरा सवाष्ण गेली. तिचा मळवट कुणी भरला व्हता का?… मला कुणी सांगंना.”

दत्ताला काही ऐकू येत नव्हतं. त्याला दिसली ती फक्त उंबऱ्यावर मटकन बसलेली बाई.

“मला माहीत नाही, मामा,” ती म्हणाली. “मी विचारलंच नाही.”



मग मामा पुन्हा बोलू लागले. हळूहळू. शेवंतीपासून…

पोलीसपाटील आले. गाडी आली. मामांना नेलं. दत्तानं दोनदा फोन काढून घ्यायला हात पुढं केला, तिनं दिला नाही. तिनं फोन कापला नाही. तिच्या फोनची बॅटरी संपली तेव्हा उजाडत आलं होतं.

ज्ञानेश्वरी अजून तेच काम करते. मिस्ड कॉलची पद्धत तिनं दुसऱ्याच दिवशी बंद केली. पण त्या रात्रीपासून उजव्या कानानं तिला आपल्या कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही. पुण्यापर्यंत जाऊन दाखवून आली. पडदा चांगला, नस चांगली, डॉक्टरांना काही सापडेना. परवा बाजारात भेटली, तर मी त्या बाजूनं गेलो आणि जरा मोठ्यानं विचारलं, आता कसा आहे कान?

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कानावर हात धरला.

“हळू बोला, आप्पा. मामांचं अजून संपलं नाही.”