रुळांच्या फटीतलं दूध

रविवारचा मेगाब्लॉक म्हटला की लोक रेल्वेला चार शिव्या घालतात आणि घरी बसतात. त्या दिवशी रुळांवर कोण काय करतं याची चौकशी कुणी करत नाही, आणि न केलेलीच बरी. वैशाली सिग्नल खात्यात टेक्निशियन होती. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली आणि तिच्या वाट्याला पहिलाच ब्लॉक आला तो उरणकडे जाणाऱ्या लाईनवर, खाडीच्या कडेनं. काम साधं होतं. रुळांचे जॉइंट साफ करायचे, त्यातलं इन्सुलेशन जागेवर आहे का बघायचं, आणि गेलेलं असेल तर नवं बसवायचं.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुळांतून बारीकशी वीज खेळत असते, एकेका टप्प्यापुरती. गाडी त्या टप्प्यावर आली की सिग्नलला ते कळतं आणि तो लाल होतो. एका टप्प्याची वीज पुढच्यात घुसू नये म्हणून पुढेमागे जोडलेल्या दोन रुळांच्या टोकांमधल्या फटीत नायलॉनचा एक पांढरा तुकडा बसवतात, बरोबर रुळाच्याच आकाराचा. तो झिजला, सरकला, किंवा त्याच्यावर लोखंडाचा कीस नाहीतर ओली घाण साचली की वीज पलीकडं जाते. मग रुळावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल लाल, आणि मागं गाड्यांची रांग.

ओली घाण हा शब्द मी सभ्यपणानं वापरला. प्रत्यक्षात त्या फटींत गुटख्याच्या पिचकाऱ्या असतात, वंगणात भिजलेली काळी धूळ असते, चाकाखाली आलेल्या घुशींची कातडी असते, आणि खाडीजवळ चिरडलेले खेकडे असतात, जे उन्हात दुपारपर्यंत असे काही सडतात की नाक धरूनही वास जिभेवर येतो. वैशालीला या सगळ्याची मनस्वी शिसारी होती आणि ती ते लपवायची नाही. गँगचा मुकादम कमळाकर तिची थट्टा करायचा.

"बाय, नाक काय मुररतंस? सोन्याची नोकरी हाय तुझी."

"सोनं तुम्हीच खरवडा काका. माझं जेवण वर येतंय."

कमळाकर शेजारच्याच खाडीकाठच्या गावचा आगरी. रिटायरमेंटला आलेला, बोलका, आणि कुणाच्या भानगडीत न पडणारा.

दुपार झाली तशी वैशालीची छाती ठणकायला लागली. सहा महिन्यांची ज्ञानेश्वरी सीवूड्सला घरी, सासूच्या मांडीवर. सकाळी काढून ठेवलेलं दूध फ्रीजमध्ये होतं, पण इथं साचलेल्या दुधाचं काय करायचं? लाईनीच्या कडेला सिग्नलच्या वायरींचं करड्या रंगाचं लोखंडी कपाट असतं. त्याच्या आडोशाला बसून तिनं दूध डब्याच्या झाकणात काढलं. सासूबाई, म्हणजे बाळाबाई, मूळच्या साताऱ्याकडच्या, वैशाली त्यांना आत्या म्हणायची, त्यांनी निघतानाच बजावलं होतं, "वैशू, दूध पायदळी टाकू नगंस. झाडाच्या बुडात वत, न्हाईतर वाहत्या पाण्यात. मुंग्यांनी खाल्लं की आटतंय बग."

झाडं म्हणाल तर तिवरं, आणि तीही गुडघाभर चिखलाच्या पलीकडं. त्या काळ्या, बुडबुडणाऱ्या चिखलात पाय घालायचा विचारच तिला सहन झाला नाही. इकडंतिकडं बघून तिनं झाकण जॉइंटशेजारच्या खडीवर रिकामं केलं. दूध क्षणात नाहीसं झालं. खडीखालून एक बारीक आवाज आला, चुट् चुट्. तापलेल्या दगडांचा असेल, असं म्हणून तिनं झाकण पुसलं आणि डब्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याच जॉइंटपाशी सिग्नल लाल झाला. गाडी नव्हती, काही नव्हतं.

वैशाली आणि कमळाकर गेले. जॉइंटवर पांढरट, जाडसर साय साचली होती. नुसती साचली नव्हती, फटीतून वर आली होती, आणि तिच्यात आंबट गुठळ्या होत्या. वास खेकड्यांचा नव्हता, वंगणाचा नव्हता. वैशालीनं तो वास ओळखला. बाळ पाजल्यावर खांद्यावर घ्यावं आणि त्यानं ढेकर देताना फाटलेलं दूध ओकावं, तो वास. घरी तिला त्याची कधी किळस वाटली नव्हती. इथं, त्या तेलकट लोखंडावर, तोच वास तिच्या नाकात शिरला आणि ती बाजूला जाऊन ओकली.

"उन्हाचा तरास," कमळाकर म्हणाला. पण त्यानं त्या सायीला हात लावला नाही. खरवडण्याचं काम वैशालीलाच करावं लागलं. सुरी फिरवली की साय लवचीकपणे मागं सरायची, आणि तिच्याखाली नायलॉनच्या पांढऱ्या कडेवर गुळगुळीत, गोल खळगे पडले होते. घुशीनं कुरतडलं असतं तर दातांचे ओरखडे दिसले असते. हे दात नसलेल्या कुणीतरी चघळलं होतं.

रजिस्टरमध्ये तिनं जॉइंट साफ केला एवढंच लिहिलं. बाकीचं काय लिहिणार?

घरी त्या संध्याकाळी ज्ञानेश्वरीनं तोंड फिरवलं. भुकेनं रडत होती, पण वैशालीनं छातीशी घेतलं की नाक आक्रसून मान वळवायची. दुसऱ्या दिवशी तेच. छाती दाबली तर दूध नाही. दोन थेंब यायचे आणि त्यांना गंजलेल्या लोखंडाचा वास. डॉक्टरांनी पावडरचं दूध दिलं, तेही पोरगी ओकायची. आठवडा सरेपर्यंत तिच्या मांड्यांची कातडी सैल पडली, टाळू आत गेली. बाळाबाई रात्रंदिवस देवाचं नाव घेत बसल्या. नवरा वाशीच्या मार्केटमधून आला की पोरीकडं बघायचा आणि न जेवता झोपायचा.

आणि सगळ्यात घाण गोष्ट ती कुणाला सांगूच शकत नव्हती. घरी कोरडी पडलेली तिची छाती त्या जॉइंटपाशी गेलं की भरून यायची. सिग्नल रोज बिघडत होता, रोज जावं लागत होतं, आणि नुसतं रुळाजवळ वाकलं तरी दूध आपोआप सुटायचं. युनिफॉर्म भिजायचा, थेंब ओघळून खडीवर पडायचे, आणि खालून आवाज यायचा. चुट् चुट्. तिला स्वतःच्याच अंगाची शिसारी आली होती. आपली पोर घरी सुकतेय आणि आपण या गटाराला पाजतोय, या विचारानं तिचे दात वाजायचे.

पुढच्या रविवारी परत ब्लॉक मिळाला, तोही त्याच जॉइंटसाठी. गँगच्या माणसांनी बोल्ट सोडवले, रुळांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या काढल्या आणि सगळे दूर जाऊन उभे राहिले. फट उघडी पडली होती. नायलॉनचा तुकडा चघळून चघळून साबणाच्या चिपटीएवढा उरला होता. रुळांची तोंडं, पोलादाची, नीट कापलेली, आतून गुलाबी झाली होती. ओली होती. वैशालीनं उरलेली चिपटी काढायला बोट घातलं, तर आतला भाग कोमट आणि मऊ लागला, आणि त्यानं तिचं बोट धरलं. टाळूपर्यंत ओढून घेतलं आणि चोखायला लागलं.

ती किंचाळली नाही. किंचाळायला तोंड उघडलं असतं तर तो वास आत गेला असता. बोट हिसकून काढलं तेव्हा ते नखापर्यंत पांढरं आणि सुरकुतलेलं होतं.

"काका... हे काय आहे?"

कमळाकर जवळ आला, पण रुळापर्यंत नाही. "मना काय इचारतंस..."

"तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून तुम्ही याला हात लावलेला नाही."

त्यानं टोपी काढली, परत घातली. आवाज एकदम खाली गेला. "आमचे गावची बारकी पोरां हितं बांधावर पुरायची. दात यायचे आधी गेलेली. बारक्यांना जालत नाय, मीठ टाकून पुरतान. लाईन आली तवा बांध उचलला, माती हितंच पसरली... आता कोनाची कवटी, कोनाचां हार कुठं गेलां, कोन शोधील? इतकी वर्सां काय नाय झालां. त्याला कोनी दूध दिलां नव्हतां ना, बाय..."

"मी दिलं."

"तू दिलंस?" त्याचा चेहरा उतरला. "मंग आता त्यां मागनारच."

वैशाली त्या फटीकडं बघत राहिली. भीती होती, पण तिच्यावरही मात करणारा संताप होता. माझ्या लेकराच्या तोंडचं खातंय! आणि त्या संतापातच तिला काय करायचं ते सुचलं. मोठ्या झालेल्या मुलाचं अंगावरचं दूध तोडायचं असेल तर बायका काय करतात? छातीला कोरफडीचा कडू गर लावतात. पोर एकदा, दोनदा तोंड घालतं, थू थू करतं आणि सोडून देतं. स्टेशनबाहेरच्या एका दुकानाच्या दारात कोरफडीची कुंडी होती. तिनं गँगमधल्या एकाला पिटाळून दोन पानं मागवली.

ओलं काही इन्सुलेशनला लावणं म्हणजे चूकच, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं नव्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा कडू चीक चोळला आणि तो उन्हात वाळत ठेवला. फट आतून उघडझाप करत होती. बारकी, चिकट, भुकेली. तिच्या कडेला फाटलेल्या दुधाचा फेस जमला होता. वाळलेला तुकडा उचलून वैशालीनं तो मान वळवून, श्वास कोंडून आत बसवला.

आतून आवाज आला. एकदा चोखल्याचा. मग दुसऱ्यांदा. मग बोळक्या तोंडानं थुंकावं तसा एक ओला आवाज, आणि त्याच्यामागून बारीक, कंटाळलेलं, फसवल्या गेलेल्या पोराचं कुरकुरणं. गँगमधला एक जण सरळ पळत सुटला. कमळाकरनं डोळे मिटले होते.

मग काहीच नाही. तिनं कपडा फिरवला, फट कोरडी होती. रुळांची तोंडं पोलादाची होती, थंड, करडी. पट्ट्या चढल्या, बोल्ट आवळले गेले. ब्लॉक सुटला आणि सिग्नल हिरवा झाला. पहिली गाडी जॉइंटवरून खडखडत गेली, तिच्यामागून दुसरी, आणि सिग्नल नीट चालत राहिला. गँगच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

कमळाकर मात्र रुळाकडं बघत म्हणाला, "हितून गेलां... पन गेलां कुठं मंग?"

"कुठंही जाऊ दे," वैशाली तोडून म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदाच तिला वास येत नव्हता.

घरी पोचली तेव्हा अजून ऊन होतं. तिनं रगडून आंघोळ केली, बोटं दगडानं घासली, आणि खोलीत पलंगावर बसून ज्ञानेश्वरीला घेतलं. पोरीनं आज तोंड फिरवलं नाही. डाव्या बाजूला तोंड लावलं आणि जीव तोडून ओढायला लागली. वैशालीला रडू कोसळलं. पण दूध येईना. पोरगी ओढत राहिली, सोडून रडली, परत ओढायला लागली. तिचं रडणंही आता मांजराच्या पिलाएवढंच उरलं होतं.

"येतंय का गं?" स्वयंपाकघरातून बाळाबाईंनी विचारलं.

"येईल आत्या..."

तेवढ्यात उजव्या बाजूला काहीतरी गार लागलं. ओलं. तिनं खाली पाहिलं; तिथं काही नव्हतं. पण त्या बाजूची कातडी आत ओढली जात होती आणि परत सुटत होती. लोखंडासारख्या गार, बोळक्या हिरड्यांनी तिला धरलं होतं. गंज, खारा चिखल आणि फाटलेलं दूध, सगळा वास एकदम नाकात शिरला. तिनं उजवा हात मधे घालून ते ढकललं, आणि ते सुटलं.

पण त्याच क्षणी तिला दिसलं की ज्ञानेश्वरीच्या ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ आला होता. आत्ता, या एवढ्याशा वेळात, दूध सुटलं होतं. आता ते थांबलं. पोरीनं दोनदा कोरडं ओढलं आणि तिचा चेहरा रडण्यासाठी वाकडा झाला, पण आवाज निघाला नाही.

वैशाली हवेत हात धरून बसली. अंगावरची लव न् लव उभी होती. मग तिनं हात हळूच बाजूला घेतला.

गार तोंड परत लागलं. डावीकडं दूध फुटलं, आणि ज्ञानेश्वरी घटाघटा प्यायला लागली. तिची इवलीशी मूठ उघडली, मिटली, उघडली. उजवीकडचं तेवढ्याच घाईनं पीत होतं.

"आलं का गं दूध?" बाळाबाई चहा घेऊन येत होत्या, त्यांच्या चपलांचा आवाज दाराजवळ आला.

"आलं," वैशाली म्हणाली. उमासा गिळत तिनं ओढणीचं दुसरं टोक ओढलं आणि सासूला दिसू नये म्हणून उजव्या बाजूवरही नीट पांघरलं.